एकच बाग, बारा महिने

मुलांना रविवारी संध्याकाळी बागेत नेऊ नका. मार्गदर्शनाची सुरुवात नकारानं करू नये म्हणतात, पण हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रविवारी साडेपाचच्या सुमाराला पुण्यातल्या सारसबागेच्या फाटकाशी एकदा उभं राहून बघा. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत धाकटं पेंगुळलेलं असतं. मग झोपाळ्यासाठी रांग, रांगेत ढकलाढकली, फुगेवाला, बुडबुडेवाला, भेळ, पावभाजी, आणि परतताना ‘एवढं सगळं दिलं तरी रडतेसच का?’ हा आईबापांचा ठरलेला प्रश्न. बाग फुकट होती, पण संध्याकाळ पाच-सहाशेला पडली. आणि खेळ म्हणाल तर जेमतेम पंधरा मिनिटं झाला.

तीच बाग सुटीतल्या एखाद्या मंगळवारी सकाळी सातला बघा. हिरवळ ओली असते, झोपाळे रिकामे असतात, आणि माळीकाका पाइपनं पाणी मारत असतील तर मुलांचा अर्धा तास त्यातच जातो.

आणि खरं तर सारसबागही रोजसाठी नको. माझं सांगणं असं की घरापासून चालत दहा मिनिटांवर जी कुठली बाग असेल ती धरा आणि वर्षभर तिथेच जात राहा. ती सुंदर नसली तरी चालेल. आमच्या इमारतीमागच्या बागेत दोन घसरगुंड्या, एक कायमचा एका बाजूला कललेला सीसॉ, सिमेंटचं एक बदक आणि चाळीसेक झाडं आहेत. पाहुण्यांना दाखवायला नेण्यासारखं तिथे काही नाही.

थोरल्याच्या वेळी आम्ही उलटं केलं होतं. दर सुटीला नवी जागा, फोटो, हॉटेलात जेवण. आज त्याला त्यातलं काय आठवतं विचाराल तर घाटात झालेली उलटी. धाकटीच्या वेळी गाडी दुरुस्तीला गेली, आम्हीही दमलो होतो, म्हणून नाइलाजानं मागची बाग सुरू झाली. वर्षभरात ती पोर आम्हालाच वाट दाखवायला लागली. कुठल्या झाडाच्या ढोलीत पोपट शिरतो, कुठल्या बाकाखाली मांजरी व्याली, पाऊस पडून गेला की पाणी कुठे साचतं, हे सगळं तिला ठाऊक. मुलांना नवेपणाचं आपल्याला वाटतं तितकं कौतुक नसतं. आपली म्हणावी अशी जागा मात्र हवी असते.

शिवाय एक साधा हिशेब आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटं दम लागेल इतपत हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळ्यांचे डॉक्टरही हल्ली मुलांना उजेडात, बाहेर खेळू द्या म्हणतात, कारण त्यानं लांबचं न दिसण्याचा चष्मा लागणं पुढे ढकललं जातं. महिन्यातून एकदा केलेली रिसॉर्टची सहल हे भागवू शकत नाही. जवळची बाग भागवते.

आता एकच बाग म्हटल्यावर ‘रोज तेच तेच’ अशी तक्रार येईल. ती मुलांकडून कमी आणि आपल्याकडूनच जास्त येते. कारण आपण बागेकडे खेळणी बसवलेली जागा म्हणून बघतो. घसरगुंडी बारा महिने घसरगुंडीच राहते हे खरं, पण झाडं राहत नाहीत. मुलांच्या हातात पडणारं खेळणं दर महिन्याला ती बदलून देतात.

फेब्रुवारीत वावळाची कागदासारखी पातळ, गोल फळं वाऱ्यावर ढिगानं उडतात. ओंजळ भरून वर उधळायची, एवढाच खेळ, पण तो संपत नाही. त्याच सुमाराला काटेसावर बिनपानांची लालभडक होते आणि साळुंक्या, बुलबुल, कावळे, थंडीपुरते आलेले पळसमैनांचे थवे तिच्यावर तुटून पडतात. खाली पडलेलं सावरीचं फूल भरदार आणि जड असतं, ते पाण्यात सोडलं की होडी झाली. एप्रिल-मेमध्ये तिचीच बोंडं फुटतात आणि कापूस तरंगत येतो. तो जमिनीला टेकायच्या आत पकडायचा. महोगनीचं लाकडी फळ उकललं की पंख असलेल्या तपकिरी बिया निसटतात. उंचावरून सोडल्या की गरगर फिरत खाली येतात. आमच्याकडे त्यांना ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात आणि कुणाचं जास्त वेळ हवेत राहतं यावर पैजा लागतात. उन्हाळ्यात तांबट पक्षी दुपारभर टुक्-टुक् करत राहतो. आवाज सगळ्यांना येतो, पक्षी कुणालाच दिसत नाही. तो शोधायला लावा. मुलं पुष्कळ वेळ मान वर करून गप्प उभी राहतात, आणि तेवढ्यात आपल्यालाही जरा टेकता येतं.

पहिला पाऊस पडून गेला की मातीत मखमली लाल मृगाचे किडे दिसतात. आठवडाभराचेच पाहुणे. हातावर चालू द्यायचे आणि होते तिथेच परत सोडायचे, डबीत भरायचे नाहीत. दिवाळीच्या आगेमागे सकाळी बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या, लांब देठाच्या फुलांचा सडा असतो. या फुलांची वेणी दोऱ्याशिवाय होते, देठातच देठ गुंफून. ती आजीला येते. आईला यू-ट्यूबवर बघावी लागते. म्हणून त्या दिवसांत आजीला बरोबर न्यायचंच.

पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात, हे आमच्या धाकटीला तिसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून ‘झाड झोपलं, आता घरी’ हे तिनं स्वतःच मान्य केलं. बागेतून मूल घरी आणणं हा केवढा तंटा असतो हे ज्यांनी सोसलंय त्यांना या शोधाची किंमत कळेल. ज्यांच्या बागेत हे झाड नाही त्यांनी आणखी तीनदा घसरगुंडी, आणि तीन म्हणजे तीनच, या जुन्या तहावर भागवावं.

बागेत गेल्यावर मोठ्यांनी काय करायचं? शक्यतो काही नाही. हे सगळ्यात अवघड आहे. पहिल्या दहा मिनिटांत मूल येऊन ‘कंटाळा आला’ म्हणेल. तेव्हा फोन द्यायचा नाही, खेळ सुचवायचा नाही, ‘बरं’ म्हणून बसून राहायचं. विसाव्या मिनिटाला ते काड्या गोळा करताना दिसेल. झाडाचं नाव, फुलाचा रंग, ‘सांग बघू किती पाकळ्या?’ असली तोंडी परीक्षा बागेत नको. ती शाळेत होते तेवढी पुरे. विचारलं तर सांगावं, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं.

दुसरं म्हणजे ‘पडशील!’ हा शब्द जपून वापरा. मुलाला उचलून उंचावर बसवू नका. जे मूल आपल्या हातापायांनी वर चढतं त्याला बहुधा उतरताही येतं. आपण बसवलेलं मूल अडकतं. अर्थात खेळणी आधी स्वतः हलवून बघायची. झोपाळ्याची साखळी कड्यात झिजलीय का, घसरगुंडीचा पत्रा खाली फाटलाय का, हे डोळ्यांनी दिसतं. मे महिन्यात सकाळी नऊनंतर पत्र्याच्या घसरगुंडीला आधी आपला तळहात लावून बघा. चटका आपल्याला बसू दे.

खेळांचं म्हणाल तर सामान लागत नाही असे डझनभर खेळ आपल्याकडे आहेत आणि ते एका पिढीत विसरायला झालेत. विषामृत, डोंगर-पाणी, साखळी, लंगडी, खांब-खांब-खांबोळी. खडूचा एक तुकडा असला की ठिक्कर. सात चपटे दगड आणि एक चेंडू असला की लगोरी. ‘टिपी टिपी टिप टॉप’ तर अजून शाळाशाळांत चालू आहे, तो मुलंच आपल्याला शिकवतील. खरी अडचण वयाची असते. चार वर्षांचं आणि दहा वर्षांचं एकत्र कसं खेळणार? त्यावर आपल्या जुन्या मंडळींनी काढलेली तोड मला फार शहाणपणाची वाटते, ती म्हणजे कच्चं लिंबू. धाकट्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, ओरडू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. त्याला आपण खेळलो याचा आनंद, आणि मोठ्यांचा खेळ बिघडत नाही. कच्चं लिंबू कधी पक्कं होतं हे ते मूलच एक दिवस जाहीर करतं, बहुतेक रडून.

बारा वर्षांपुढच्या मुलांविषयी जास्त लिहीत नाही. त्यांना एक चेंडू द्या, दोन मित्र बोलावू द्या, परतायची वेळ ठरवा, आणि तुम्ही जाऊ नका.

जवळची बाग ही रोजची भाकरी. महिन्यातून एकदा सणाचं काही हवंच. पुणेकरांना त्यासाठी टेकड्या आहेत, त्याही फुकट. पर्वती हे लहान मुलांचं पहिलं गिर्यारोहण समजा. पायऱ्या रुंद आहेत आणि १०३ आहेत, असं म्हणतात. मुलांना मोजायला लावा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो आणि वर पोचेपर्यंत भांडणात दम विसरला जातो. वरचं देवस्थान नानासाहेब पेशव्यांनी बांधलं आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये त्यांचा मृत्यूही पर्वतीवरच झाला. पण पाच वर्षांच्या मुलाला यापेक्षा वरून आपलं घर कुठल्या बाजूला ते शोधण्यात रस असतो, आणि तो असू द्यावा. उतरून समोर सारसबागेत जायचं, थंडीचे दिवस असतील तर नक्की. सवाई माधवरावांच्या काळात इथे गणपतीची स्थापना झाली तेव्हा भोवती तळं होतं, म्हणून आजही तो तळ्यातला गणपती. थंडी पडली की या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. घरी स्वेटर घालायला भांडणारी मुलं ते पाहून विचारात पडतात.

वेताळ टेकडी म्हणजे शहराच्या पोटातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. कोथरूड, पाषाण, गोखलेनगर अशा बाजूंनी वर जायला वाटा आहेत. सहा वर्षांच्या पुढचं मूल आरामात येतं. सकाळी सहा-साडेसहाला निघा. मोर दिसला नाही तरी ओरडलेला ऐकू येतोच. ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा गुलाबी फुलतो. त्याची पिकलेली बोंडं बोट लावताच फटकन फुटतात आणि बिया उडतात. एकदा हे कळलं की पोरं अर्धा किलोमीटरला दीड तास लावतात. लावू द्या. टेकडीचा माथा गाठलाच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

टेकडीचे काही नियम मात्र पक्के ठेवा. जुन्या खाणीत साठलेल्या पाण्याशी मुलांना जाऊ द्यायचं नाही. कडा निसरडा असतो आणि खोली कळत नाही. झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर दगड नाही, आरडाओरडा नाही, अत्तर-बित्तर लावून जायचं नाही, मुकाट्यानं वाट बदलायची. पावसाळा सरल्यावर झुडपांवर सोनेरी मखमली लव असलेल्या वाकड्या शेंगा लोंबताना दिसतात, ती खाजकुइली. इतकी देखणी असते की मूल हात लावणारच, म्हणून आधी लांबून ओळख करून द्या. लागलीच तर चोळायचं नाही, कपडे बदलायचे. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि एका काडीनं अख्खा उतार पेटतो, त्यामुळे चुलीवरच्या खिचडीची हौस टेकडीवर नको. आणि दिवेलागणीच्या आधी खाली.

मुंबईकर म्हणतील आमच्याकडे टेकड्या कुठे? पण त्यांच्याकडे समुद्र आहे आणि तो दिवसातून दोनदा मागे हटून भलंमोठं अंगण मोकळं करून देतो. बरेच लोक चौपाटीवर भरतीच्या वेळी जातात, पाणी बघतात, भेळ खातात आणि परत येतात. लहान मुलांसाठी ओहोटी धरावी. कोळी मंडळींचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ. पंचमीला पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचार. ओहोटी त्याच्या सहाएक तास मागे-पुढे. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकराच्या पुढे येते, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, आणि त्या दिवसांत पाणी सर्वांत लांब जातं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, आणि निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर एकदा नजर टाका. गिरगाव चौपाटी किंवा हाजी अलीजवळच्या खडकांच्या डबक्यांत शंखात राहणारे खेकडे आणि बोट जवळ नेताच मिटणारी समुद्रफुलं दिसतात. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट लोकांना अशा ठिकाणी घेऊन जातो आणि काय बघायचं ते दाखवतो. एकदा त्यांच्याबरोबर गेलं की पुढे आपलं आपल्याला जमतं. बूट रबरी, पकड चांगली असलेले हवेत. उचलून काही घरी आणायचं नाही. पाणी वळलं की आपणही वळायचं. पावसाळ्यात मात्र मुलांना लाटांजवळ नेऊ नका, ते दिवस समुद्राचे. त्या दिवसांत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून गोल चक्कर मारा. एक किलोमीटरहून थोडं अधिक भरतं आणि चिखलातला फुटबॉल बघायला मिळतो.

पिशवीत काय घ्यायचं? पाणी, घरून निघताना भरून घेतलेलं. एक खडू, दोन हात सुतळी, एक रिकामा डबा आणि स्वयंपाकघरातलं निवृत्त झालेलं उलथनं. मातीशी खेळायला प्लॅस्टिकच्या सेटपेक्षा उलथनं बरं, वाकत नाही आणि मुलाला ते खरं हत्यार वाटतं. खायला चुरमुरे, फरसाण, चिरलेला कांदा वेगवेगळ्या डब्यांत, जागेवर कालवायचं. नाहीतर गूळ-शेंगदाणे, काकडी. बागेत भूक जास्त लागते, म्हणून घरी नाक मुरडलेली पोळीही तिथे संपते. उरलेलं कबुतरांना आणि कुत्र्यांना घालू नका. उद्या तीच कुत्री दुसऱ्या मुलाच्या हातातला डबा ओढतात. पावसाळ्यात डास असतात, पूर्ण पायाची जुनी विजार घाला. जुनी यासाठी की चिखलावरून मुलाला एकदाही ओरडावं लागू नये. बागेतलं स्वच्छतागृह उघडं असेल यावर विसंबून राहू नका, जाऊनच निघा.

आणि हो, पाऊस आला म्हणून बाग रद्द करायची नाही. विजा चमकत असतील, वारं सुटलं असेल तर घरी बसा, झाडाखाली तर थांबूच नका. पण नुसती भुरभुर असेल तर जुने कपडे घालून वीस मिनिटं भिजायला जा. बाग पूर्ण आपली असते. घरी येऊन गरम पाणी आणि आलं घातलेलं दूध. पोरं आजारी पडतील ही भीती मलाही होती. आमच्या घरी तरी पडली नाहीत.

आता एक काम तुमच्याकडे सोपवते. शहरांतल्या बऱ्याच सार्वजनिक बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चारला उघडतात. शाळेच्या दिवसांत ते खपून जातं. पण मे महिन्यात, जेव्हा मुलं दिवसभर घरी असतात आणि गावातली सर्वांत दाट सावली त्या कुलपाच्या आत असते, तेव्हा ते खपवून घेऊ नये. जवळच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या की सुटीत आमची बाग दुपारीही उघडी ठेवा, तुटलेला झोपाळा बदला, आणि ‘चेंडू खेळण्यास मनाई’ची पाटी निदान एका कोपऱ्यापुरती काढा. चार घरांच्या सह्या घ्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. अर्जावर मुलांनाही सह्या करू द्या. लिहिता येत नसेल त्यांचा अंगठा घ्या.